दीड दिवस

शनिवारी दुपारी दोनला तावेतची पाळी संपते,
सोमवारी पहाटे चारला माझी बेकरीची भट्टी पेटते.
मधलं उरतं ते आमचं.
तार्तूतल्या भाड्याच्या खोलीत ते पसरून ठेवलं
तर कपडे धुण्यातच आटतं,
म्हणून पिशवीत कोंबतो आणि निघतो.

गाडी त्याच्या बहिणीची.
मागच्या सीटवर बाळाची खुर्ची,
ती काढायची कशी हे आम्हाला उमगलेलं नाही.
मग तंबूच बसतो तिच्यात, पट्टा लावून,
आणि तावेत आरशात बघून त्याला विचारतो,
भूक लागली का रे?
मी खिडकीबाहेर बघते. बर्चची झाडं मोजते.

ऑगस्टात पैप्सी सरोवराकाठी गेलो होतो.
पलीकडचा काठ दिसत नाही, तिकडे दुसरा देश आहे.
रस्त्यालगत कांद्याच्या वेण्या टांगून बसलेल्या फेदोस्याबाई
आमच्याकडे बघून म्हणाल्या, नवीन लग्न दिसतंय.
कशावरून?
भाव करताना अजून एकमेकांकडे बघता.
एक वेणी फुकट दिली.
तावेत ती गळ्यात घालून पाण्यात उतरला, गुडघ्याएवढ्या,
अर्धा किलोमीटर चालला तरी पाणी गुडघ्याएवढंच.
बुडायचं म्हटलं तरी इथं नोंदणी करावी लागेल, म्हणाला.
मी हसले. त्या दिवशी मला हसता आलं.

सप्टेंबरअखेर राबावर.
राबा म्हणजे दलदल म्हणावी तर तेवढी दुष्ट नाही,
जमीन म्हणावी तर तेवढा भरवसा नाही.
चहाच्या रंगाचं पाणी, हजारो वर्षांचं शेवाळ,
माझ्या वयाची असून कमरेएवढीच राहिलेली पाइनची झाडं.
सगळीकडे पाणी मुरलेलं, आणि लपवाछपवी कसलीच नाही.
वरून फळ्यांची वाट जाते.
शेजारी शेजारी चालता येत नाही,
एकानं पुढे व्हायचं, दुसऱ्यानं पाठीशी बोलायचं.

त्याच्या पाठीशी मी बोलले.
तंबूला विचारत जाऊ नकोस, म्हटलं.
फेब्रुवारीनंतर तरी नको होतंस.
तो थांबला नाही, फक्त पावलं लहान केली.
बऱ्याच वेळानं, पुढे बघतच:
मला वाटलं, गंमत केली की तुला हलकं वाटेल.
नाही वाटत.
बरं.
मग म्हणाला, मलाही नाही वाटत.

मी फळीवरून खाली उतरले.
संकट आलं की लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली.
इथं ती खरंच सरकते,
जुन्या गादीसारखी दबते, आणि सावकाश वर येते.
बुटात गार पाणी शिरलं. त्यानं हात पुढे केला.
थांब, म्हटलं. जरा डुलू दे मला.
तोही उतरला. दोघं नुसते डुलत उभे,
एखादा म्हातारा मासेमार बघता तर म्हणाला असता, प्यायलेत.

बादलीभर क्रॅनबेरी वेचल्या. आंबटढाण.
पहिल्या हिमानंतर गोड होतात म्हणे.
आम्हाला तेवढा धीर नव्हता, तोंडं वाकडी करत खात राहिलो.

रात्री कळलं, तंबूची काठी घरीच राहिलीय.
कोणी विसरली यावर अर्धा तास घालवला
(मी विसरले होते),
मग गाडीतच, पाय डॅशबोर्डवर टाकून झोपलो.
पहाटे क्रौंचांच्या कलकलाटानं जाग आली.
दक्षिणेकडे निघालेले, ओरडत, रांग चुकवत,
जणू त्यांचंही काहीतरी घरी राहिलंय.

तावेत मागच्या दारात वाकलेला.
सीटखाली लाल बटण आहे, म्हणाला, इतके दिवस होतं.
दाबू का?
मी विचार केला. बूट अजून ओलेच होते.
राहू दे, म्हटलं. बादली सांडेल नाहीतर.
खुर्चीत बादली बसली. पट्टा मीच लावला.

पूर्ण रस्ता त्यानं आरशात बघितलं नाही.
तार्तूचा पूल दिसायला लागला तेव्हा
मी मागे वळून बादलीला विचारलं,
भूक लागली का गं?

तावेतनं गिअर बदलला.
झोपलीय ती, म्हणाला. हळू बोल.